झोका कोण देत होतं

‘कसली आई म्हणायची ही!’ हा मेसेज आला तेव्हा धनश्री दोडक्याच्या शिरा काढत होती. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा, तो शर्वरीसाठी. शर्वरी आतल्या खोलीत आजीजवळ झोपली होती, म्हणजे धनश्रीच्या आईजवळ, लंकाबाईजवळ, जी नातीला बघायला म्हणून तिसगावहून आली होती आणि आल्यापासून या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये पाय कुठे ठेवावा ते न कळल्यासारखी भिंतीच्या कडेकडेने चालत होती. धनश्रीने सुरी खाली ठेवली आणि ओल्या बोटाने मेसेज पुन्हा वर आणून वाचला. त्याखाली कोणीतरी हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले चेहरे ओळीने टाकले होते. मग आणखी एक: ‘पोरगं झाडाला टांगून कामाला जाते. यापेक्षा भूत परवडलं.’ तिच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. राग यायला हवा होता तसा तो आला. पण रागाच्या जरासं आधी, पकडलं गेल्यासारखं वाटलं. हात लावू नये अशा वस्तूला दुकानात हात लावताना मालकाची नजर पडावी तसं. कारण ते पहिलं वाक्य तिचं होतं. शर्वरी झाली त्यानंतर, अंगावर पाजताना, कितीदा तरी तिने ते आपल्या आईबद्दल मनातल्या मनात म्हटलं होतं. आता कुठल्या कोण माणसाने ते उद्गारचिन्ह लावून चव्हाट्यावर टाकलं होतं, आणि त्यावर लोक हसत होते.

‘काजळघर’ ती पोटुशी असल्यापासून ऐकत आली होती. भुताच्या गोष्टी पोटुशीने ऐकू नयेत, असं सासूबाई म्हणाल्या असत्या, म्हणून तिने सांगितलंच नव्हतं. कानात काय चाललंय ते बाहेरून थोडंच दिसतं. तिला त्या भीतीचं उलट बरं वाटायचं. गोष्टीतली भीती सुरू होते, चढते आणि जाहिरात लागली की संपते. घरातली संपत नाही. शर्वरी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचं, उठली की मुठीत काय आहे ते बघायचं, शेंगदाणा, बटण, टाचणी. मोरीत जायचं तर दार उघडं ठेवून. बसल्या जागी धनश्रीचा पाय हलत असे. मांडीवर मूल नसलं तरी. एकदा बसस्टँडवर अमृत, तिचा नवरा, हसून म्हणाला होता, ‘अगं, ती माझ्याकडे आहे. तू कोणाला झोपवतेस?’ तिने पाय थांबवला होता आणि थोड्या वेळाने तो पुन्हा आपला आपण हलू लागला होता.

पॉडकास्ट सांगणारा गोरक्षनाथ पुण्यात राहायचा. सगळे त्याला गोरक्षदादा म्हणत. टेलिग्रामवर श्रोत्यांचा ग्रुप होता, आणि नवा भाग आला की तिथे दोन दिवस नुसती हाणामारी चाले. या वेळच्या भागाचं नाव ‘झोळी’. उसाच्या फडात तोडणीला आलेली बाई बांधावरच्या बाभळीला झोळी बांधते, बाळाला निजवते आणि कोयता घेऊन फडात शिरते. मधूनमधून मान वर करून बघते, तर झोळी संथ हलत असते. वारा पडलेला. जवळपास कोणी नाही. बाई समाधानाने ऊस तोडत राहते. दिवस कलल्यावर येऊन बघते तर झोळी अजून हलतेच आहे आणि आत बाळाएवढा एक दगड. मग गोरक्षदादा आवाज अगदी खाली आणून विचारतो, ‘झोका कोण देत होतं?’ आणि भाग संपतो. धनश्रीने तो काल कपडे वाळत घालताना ऐकला होता आणि दोरीवर अमृतची पँट तशीच पिळाची लोंबत ठेवून ती गॅलरीत उभी राहिली होती.

तिने वर जाऊन आधीचं वाचलं. ग्रुपवर सकाळपासून एकेकाची अक्कल पाझरत होती. कल्याण म्हणून एक जण होता, त्याला प्रत्येक गोष्टीतला खुनी आधीच माहीत असे. ‘आईनेच मारलंय. सरळ आहे. वारा नाही हे दिसतंय तरी बाई जाऊन बघत नाही. का? कारण तिला माहिती आहे.’ फरदीन इंजिनिअरिंगला होता, तो म्हणाला, ‘भावा, बाळंतपणानंतर काही बायकांचं डोकं फिरतं. बाळ आधीच गेलेलं. ती दगडालाच पाजत होती.’ मेहविश नावाची मुलगी म्हणाली, ‘तुम्ही सगळे बाईच्याच मागे का लागलात? हडळ आहे म्हणा की सरळ.’ त्यावर कल्याण: ‘हडळ परवडली. कसली आई म्हणायची ही!’ म्हणजे ते वाक्य त्याचं होतं. धनश्रीने पुन्हा सुरी उचलली. दोडक्याची शीर निघाली ती गरासकट निघाली.

बाभळ नव्हतीच मुळी. लिंबाचं झाड होतं, काष्टीच्या अलीकडे, पाटाच्या कडेला. आई-बाप दोघं मिळून एक कोयता. मुकादम माणसं नाही, कोयते धरायचा, आणि पोरं कशातच धरली जात नव्हती. धाकटा भाऊ कानिफनाथ नुकताच झालेला. आईचं जुनं पातळ दुहेरी करून फांदीला बांधलेलं, आणि त्याच्याच काठाची पट्टी पिळून केलेली लांब दोरी धनश्रीच्या हातात. ऊन फिरेल तशी ती खोडाभोवती सरकत जायची. सावली सोडायची नाही, दोरी सोडायची नाही. फडातून बघणाऱ्याला त्यामुळे ती दिसायची नाही, झोळी तेवढी हलताना दिसायची. दोरी ओढायची, ढिली सोडायची, तसा पायही हलायचा. ओढायची, ढिली सोडायची. लघवी लागली तरी उठायचं नाही, कारण झोका थांबला की कानिफ जागा होणार, तो रडला की आईला मोळी अर्धी टाकून यावं लागणार, आणि आई आली की बाप शिव्या देणार. उसात वाघ असतो असं टोळीतली माणसं सांगायची, म्हणून नजर उसाच्या कडेवर. पान हललं की दोरी आणखी घट्ट धरायची. अंगाला आंबूस वास, आईच्या दुधाचा आणि उसाच्या शेंड्याच्या वाढ्यांचा मिळून एक; डोळ्यांच्या कोपऱ्यात येऊन बसणाऱ्या माश्या, त्यांना हाकलायला हात मोकळा नाही. टोळीतल्या बाया मोळ्या घेऊन जाताना आईला चिडवायच्या, ‘लंके, तुजी झोळी आपली आपुन हलतीया गं! मागं भूत बसिवलंस काय?’ आणि आई कमरेवर हात ठेवून, घामाने निथळत, हसून ओरडायची, ‘व्हय! माजं भूत हाय ते. लई गुनाचं हाय!’ तेव्हा झाडामागे धनश्रीला इतका आनंद व्हायचा की ती दोरी जोरात ओढायची.

असे दोन हंगाम. मग पाचवीला मामाने तिला नेवाशाला नेलं, तिथे ती शिकली, बारावीनंतर नगरला येऊन बी. ए. झाली. हे सगळं खरंच होतं. लग्न ठरताना, बघायच्या कार्यक्रमात, सविताबाईंनी म्हणजे आताच्या सासूबाईंनी विचारलं होतं, ‘तुम्ही तोडणीला जायचात, मग मुलीचं शिक्षण?’ आणि लंकाबाईने डोक्यावरचा पदर सारखा करत सांगितलं होतं, ‘पोरीनं फड बघितलाच न्हाई, विहीनबाई. पयल्यापास्नं मामाकडं. साळा सोडून तिला काय म्हाईत न्हाई.’ विहीनबाई म्हणण्याइतकं काही ठरलं नव्हतं अजून, तरी म्हणाली. सविताबाईंचा चेहरा मोकळा झाला. धनश्री पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिला तेव्हा काहीच वाटलं नाही, किंवा हायसं वाटलं असेल. पुढे अमृतलाही तिने तेच सांगितलं. सांगता सांगता त्यातले ते दोन हंगाम इतके पुसट झाले की कधी कधी तिला वाटायचं, ते लिंबाचं झाड तिने कुठल्या तरी धड्यात वाचलं असावं. मग शर्वरी झाली आणि पाय हलायला लागला.

तिने हात पुसले आणि लिहायला घेतलं. ‘झोका बाळाची मोठी बहीण देत असते. ती झाडामागे सावलीला बसते म्हणून दिसत नाही. प्रत्येक फडात अशी एक मुलगी असते. मी होते.’ पुढे तिला लिहायचं होतं, त्या आईचा काही दोष नाही. लिहिलं. वाचलं. खोडलं. ‘ती आई वाईट नव्हती’ असं लिहिलं, तेही खोडलं. हे एवढं साधं वाक्य तिच्या अंगठ्यातून नीट उतरेना. आतून कोणीतरी बारीक आवाजात विचारत होतं, नव्हती? नक्की? एवढ्याशा पोरीच्या हातात दोरी देऊन, वाघाच्या तोंडाशी बसवून? शेवटी ते वाक्य सोडून तिने राहिलेला मेसेज धाडला.

‘ताई, खतरनाक थिअरी!’ फरदीनचं उत्तर लगेच आलं. ‘म्हणजे बहिणीने केलं! असूया! हे आपल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही.’ कल्याणला मान तुकवणं जड गेलं असावं. त्याने लिहिलं, ‘बरोबर बसतंय. दगड तिनेच ठेवला.’ मेहविशने विचारलं, ‘पण ताई, मग बाळाचं काय झालं?’ धनश्रीने लिहिलं, ‘काही झालं नाही. मोठा झाला. टेम्पो चालवतो.’ पुन्हा ते हसरे-रडके चेहरे. ‘ताई, एवढी भारी थिअरी आणि शेवटी टेम्पो? घालवलीत की!’ तिने लिहिलं, ‘ही थिअरी नाही.’ पण तोवर आणखी कोणी आठवड्यापूर्वीच्या भागातल्या विहिरीचं काही काढलं होतं, आणि तिचं वाक्य त्या विहिरीच्या गप्पांत वर वर सरकत दिसेनासं झालं. तिला मोबाईल सिंकमध्ये टाकावासा वाटला. इतकी वर्षं तोंडाला आलं नाही ते आज आलं, तर ह्यांना त्यात एक पोरगी मिळाली, खुनी म्हणून धरायला.

तेवढ्यात गोरक्षदादाचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, तिला एकटीला. ‘ताई, तुमचा मेसेज पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचू का? नाव-गावासकट वाचलं तर लोकांना भिडेल. आज संध्याकाळी रेकॉर्डिंग आहे, तेवढं लवकर कळवा. फक्त टेम्पोचं गाळू या. बाळाचं काय झालं ते उघडंच ठेवू.’ तिने तो दोनदा वाचला. नाव-गावासकट. अमृतच्या कंपनीतली अर्धी पोरं शिफ्टला जाताना ‘काजळघर’ ऐकायची. त्यानेच एकदा सांगितलं होतं. उद्या कोणी त्याला विचारेल, तुझी बायको ना रे ती, फडातली? अमृत चिडणार नाही. तो फक्त विचारेल, ‘मला का नाही सांगितलंस?’ आणि सासूबाई काहीच विचारणार नाहीत, त्या लंकाबाईकडे बघतील. हो म्हणायचं की नाही? हो म्हटलं तर ती मुलगी निदान एकदा कोणाच्या तरी आवाजात तिथे बसलेली असेल. अर्धवट का होईना, बसलेली. नाही म्हटलं तर बाभळ, दगड आणि कसली आई.

चहाच्या वेळी सविताबाईंनी विषय काढला. ‘काय गं ऐकतेस दिवसभर कानात घालून? आम्हालाही ऐकव की जरा.’ बोलण्यात टोचणी होती, पण थोडं कुतूहलही होतं. शर्वरी उठून लंकाबाईच्या मांडीवर बसून बिस्किटाचा चिखल करत होती. धनश्रीने काय मनात आणलं तिचं तिला कळलं नाही. तिने इअरफोन काढला आणि ‘झोळी’चा भाग मोठ्याने लावला. तिला आईचा चेहरा बघायचा होता. गोरक्षदादाचा घोगरा आवाज हॉलमध्ये घुमायला लागला. सविताबाई बशी हातातच धरून राहिल्या. लंकाबाईने शर्वरीचे कान झाकल्यासारखे केले, मग हात काढला. फड आला, कोयता आला, झोळी आली. लंकाबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती नुसती ऐकत होती, देवळात पोथी ऐकावी तशी, तोंड थोडं उघडं ठेवून. दगड आला तेव्हा ‘अगं बया!’ म्हणून तिने नातीला छातीशी ओढलं.

‘शी!’ सविताबाई म्हणाल्या. ‘कसली आई म्हणायची! एकदा जाऊन बघायचं नाही?’

‘व्हय की,’ लंकाबाई म्हणाली. ‘लेकरू टाकून असं कुनी कामाला जुंपून घेतं व्हय? दगडाच्या काळजाची म्हनायची.’

धनश्री आईकडे बघतच राहिली. आईचे डोळे खरोखर भरून आले होते. नाटक नव्हतं. ‘पण झोका कोण देत होतं मग?’ सविताबाईंनी विचारलं. त्यांनीही तोच प्रश्न. ‘मोठी मुलगी,’ धनश्री म्हणाली. ‘झाडामागे बसलेली.’

‘गोष्टीत कुठाय मुलगी?’ सविताबाई म्हणाल्या.

‘सांगितलेली नाही. पण असते, मम्मी. असल्याशिवाय झोळी हलेल कशी?’

‘वारं असंल,’ लंकाबाई पटकन म्हणाली. ‘माळावर वारं लई असतं, विहीनबाई. आपलं आपुन हलतं समदं.’ आणि शर्वरीच्या तोंडावरचं बिस्किट पदराने इतकं घासून पुसायला लागली की ती रडायला लागली.

कपबशा विसळायला लंकाबाई तिच्यामागून स्वयंपाकघरात आली. सविताबाई शर्वरीला घेऊन गॅलरीत गेल्या होत्या. ‘ती बघ चिऊ’ असं त्यांचं चाललेलं ऐकू येत होतं. धनश्रीने नळ बंद केला. ‘आई, मी होते ना?’

‘कुठं?’

‘काष्टीला. लिंबाखाली. कानिफच्या झोळीजवळ.’

‘तू साळंत हुतीस,’ लंकाबाई म्हणाली. कप पालथा घातला. ‘मामाकडं.’

‘ते नंतर. त्याच्या आधी दोन वर्षं. तू मला भूत म्हणायचीस. माझं गुणाचं भूत.’

‘न्हाई गं. तुला सपान पडलं आसंल. तू साळंत हुतीस.’

‘आई, इथे कोणी नाहीये.’

लंकाबाईने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘मला दिसतंय की,’ ती म्हणाली, आवाज न चढवता. ‘कुनी न्हाई तवाच नीट सांगावं लागतं, माय. चारचौघांत काय, मानूस सावध असतं. एकटं आसलं की सुटतं तोंडातनं. मग येक दिवस नवऱ्यापुढं सुटतं, मग सासूपुढं. आन मग तुज्या लेकीला कुनी तरी म्हनतं, ही कोयत्याची नात. तू साळंत हुतीस. मी रोज म्हनते तसं. भाकरी थापताना म्हनते, निजताना म्हनते. मलाबी आता तसंच दिसतं. पाटी-दप्तर घिऊन निगालेली दिसतीस.’ तिने दुसरा कप उचलला. ‘चांगली दिसतीस.’

धनश्रीला काहीतरी फोडावंसं वाटलं; समोर कपच होते. मी तिथे नव्हते तर माझा पाय का हलतो, असं तिला विचारायचं होतं. पण ते आईला विचारायचं की डॉक्टरला, तेही नीट कळेना. आई रोज एकेक दिवस मला उचलून त्या झाडाखालून नेते आणि शाळेत बसवते. जे खरोखर तिला तेव्हा जमलं नव्हतं ते. आता तिच्याकडे मी तिथे असल्याची आठवण शिल्लकच नाही, मग तिच्यावर रागवायचं तरी कशाबद्दल? आणि ‘ती आई वाईट नव्हती’ हे वाक्य कोणाला सांगायचं, त्या आईलाच ती बाई दगडाच्या काळजाची वाटते तर? ‘काय लिवलंबिवलं आसशील कुठं तर पुसून टाक,’ लंकाबाई म्हणाली. तिला कसं कळलं कोण जाणे. ‘त्या मोबाईलात.’

धनश्रीने हात पुसले. गोरक्षदादाला लिहिलं, ‘नको.’ मग ग्रुप उघडून तिने वर वर जात आपले मेसेज शोधले आणि एकेक पुसला. फडातली मुलगी, टेम्पो, ही थिअरी नाही. त्या ॲपमध्ये पुसलेल्याची खूणही राहत नाही, आजूबाजूचे मेसेज एकमेकांना येऊन चिकटतात. इतकं सोपं होतं ते. आई मागे उभी राहून बघत होती. वाचता येत नव्हतं तरी बघत होती. मग समाधानाने ‘हां’ म्हणाली आणि नातीकडे गेली.

थोड्या वेळाने ग्रुपवर फरदीनने विचारलं, ‘अरे, इथे एका ताईंचा मेसेज होता ना? बहिणीबद्दल?’ कोणी म्हणालं, नव्हता. मेहविश म्हणाली, होता, मी वाचलाय. ‘मग गेला कुठे?’ ‘काजळघर!’ कोणीतरी लिहिलं, आणि पुढे भुतांची रांग. बरेच जण नव्याने आले होते, त्यांना मजा वाटली. कोण होती, नाव काय, कोणाला आठवेना. ‘पण लिहिलं काय होतं त्यात?’ एका नव्या मुलाने विचारलं. कल्याणने उत्तर दिलं, ‘विशेष काही नाही. बहीण झोका देत असते. त्यात बाळ मरतं.’

धनश्रीचा अंगठा तिच्या आधी चालला. ‘बाळ मेलं नाही,’ तिने लिहिलं आणि धाडलं.

‘तुम्हाला कसं माहीत?’ त्या नव्या मुलाने विचारलं. साधंच विचारलं होतं त्याने, खवचटपणा नव्हता. गॅलरीतून आई शर्वरीला काहीतरी गुणगुणत असलेली ऐकू येत होती, सविताबाई मधूनच हसत होत्या. दिवेलागण व्हायला आली होती. धनश्री सिंकला टेकून उभी राहिली. प्रश्न तसाच पडद्यावर होता, आणि सगळे तिच्यासाठी थांबले आहेत असं वाटत होतं, जरी कोणीही थांबलेलं नव्हतं.

‘ऐकलंय,’ तिने लिहिलं.

त्याने वर केलेला अंगठा पाठवला.